चार खेळणी की सोळा?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की सकाळी दहा-अकरापासून ऊन उतरेपर्यंत पोरं घरातच, कूलरसमोर, आणि त्या खोलीत मग पाय ठेवायला जागा उरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतली गाडी, सुरतच्या मामाने आणलेला किचन सेट, ब्लॉक्स, एक हात नसलेली बाहुली, सगळं फरशीवर. आणि एवढं असून पोरगं अर्ध्या तासात म्हणतं, बोर होतंय, मोबाईल दे. यात पोराचं काही चुकत नाही, त्याच्या मेंदूसाठी ती खोलीच अवघड झालेली असते.

अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो युनिव्हर्सिटीत 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एकदा 4 खेळणी देऊन खेळायला सोडलं आणि एकदा 16 देऊन, 2018 मध्ये हा अभ्यास छापून आला. खेळणी 4 होती तेव्हा मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त तऱ्हांनी वापरलं. मला यातलं दुसरं फार मोलाचं वाटतं, कारण डबा आधी वाजवायचा मग त्यात काही भरायचं मग डोक्यावर ठेवून चालायचं, हे सगळं करायला पोराला आधी त्या डब्यापाशी थांबावं तर लागतं नं!

डोळ्यांसमोर एकाच वेळी खूप वस्तू असल्या की मेंदूच्या दृष्टीच्या भागात त्यांची आपसात ओढाताण चालते, आणि लक्ष देणं म्हणजे त्यातली एक पुढे घेऊन बाकीच्या दाबून टाकणं. या कामात कपाळामागच्या भागाचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, मोठा हात असतो आणि तो भाग माणसाच्या विशीतही अजून घडतच असतो, मग दोन वर्षांच्या लेकराकडून किती अपेक्षा करणार? भिंतींचंही तेच. पिट्सबर्गला 2014 मध्ये बालवाडीच्या 24 मुलांवर हे पाहिलं गेलं, चित्रं-तक्त्यांनी भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जवळपास 39 टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या भिंतींच्या वर्गात 28 टक्के, आणि शिकवलेलंही मोकळ्या वर्गात जास्त लक्षात राहिलं. एबीसीडी, फळं, प्राणी असे सगळे चार्ट एकदम चिकटवणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

म्हणून खेळणी फेकू नका, नजरेआड करा. थोडी बाहेर ठेवायची, बाकीची गोणीत भरून माळ्यावर, आणि पोराचा रस उतरला की अदलाबदल. रोज दिसणाऱ्या गोष्टीला मेंदू सरावतो, काही दिवस गायब झालेली गाडी परत आली की तिच्यात पुन्हा नवेपणा येतो, पैसे न घालता. फक्त ज्या बाहुलीशिवाय लेकराला झोप येत नाही ती कधीच माळ्यावर टाकू नका, तिच्याशी त्याचं मन बांधलेलं असतं.

ठेवायची कशी, तर मोठ्या खोल टोपल्यात नाहीच, कारण त्यात तळाचं दिसत नाही म्हणून पोरगं सगळं उपडं करतं. त्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीची उघडी फळी बघा, मारिया मॉन्टेसरीने 1907 मध्ये रोमला बालघर सुरू केलं तिथेही हीच पद्धत रुजली. उंच कपाट असेल तर मात्र भिंतीला स्क्रूने पक्कं करा, पोरं त्यावर चढतात. दोन-तीन भावांची मुलं एकत्र असलेल्या घरात लहान्याच्या हाती मोठ्याचे मणी, गोट्या लागतात, त्या उंचावर झाकणाच्या डब्यात हव्यात, कारण तीन वर्षांखालचं मूल दिसेल ते तोंडात घालतं. आजी विचारतेच, "इतला खेळना कसाले?" खेळणी आवरायला तिलाच सोबत घ्या.

आवरताना प्रत्येक वाजणारं, चमकणारं खेळणं उलटं करून बघा. बटणासारखा चपटा सेल असेल आणि त्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं नसेल तर ते खेळणं त्याच दिवशी घरातून काढा. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांतही आत गंभीर भाजतं, त्यामुळे नुसता संशय आला तरी उलटी करवत बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना गाठायचा.