मंगळवारचे 8 × 400: इंटरव्हल सरावामागची शंभर वर्षे

हाफ मॅरेथॉन (सुमारे 21 किलोमीटर) दोन तासांच्या आत आणायची म्हणून हौशी धावपटू सरावाचे वेळापत्रक शोधतो, तेव्हा त्याच्या हाती साधारण एकच आराखडा पडतो: मंगळवारी 8 × 400, म्हणजे 400 मीटरच्या आठ वेगवान फेऱ्या आणि मध्ये विश्रांती (हाच इंटरव्हल सराव), गुरुवारी टेम्पो, म्हणजे दमदार पण एकसारख्या वेगाची धाव, रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची सावकाश धाव, मधले दिवस सावकाश. हा आराखडा कुणी एका बैठकीत तयार केलेला नाही. त्यातला एकेक दिवस वेगळ्या देशातून, वेगळ्या दशकातून आला आहे आणि येताना बहुतेक वेळा अर्धाच आला आहे. किती फेऱ्या आणि किती सेकंदांत, हे सगळ्यांनी उचलले. दोन फेऱ्यांच्या मध्ये काय करायचे आणि का, हे मागे राहिले. वेळ कमी होण्याऐवजी नडगी दुखायला लागते ती यामुळेच.

सुरुवात घड्याळापासून झाली. फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून शर्यत धावायचा. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1500 आणि 5000 मीटरची सुवर्णपदके त्याने एकाच दुपारी जिंकली. शेजारचा किती जोरात पळतो याकडे न पाहता ठरवलेला पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) राखायचा, ही त्याची रीत होती. हौशी धावपटूला आजही सर्वांत स्वस्तात मिळणारी सुधारणा हीच आहे. गर्दीच्या उत्साहात पहिले दोन-तीन किलोमीटर वीस-वीस सेकंदांनी जास्त वेगात गेले, तर शेवटच्या टप्प्यात त्याची फेड मिनिटांनी करावी लागते.

इंटरव्हल सरावाला शास्त्राची बैठक दिली ती जर्मनीत, प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि फ्रायबुर्गचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 15 जुलै 1939 रोजी मिलानमध्ये 800 मीटर 1:46.6 मध्ये पार केले. तो विश्वविक्रम 1955 पर्यंत टिकला. त्यांची पद्धत अशी: 100 ते 200 मीटर असे धावायचे की नाडी 180 च्या आसपास जाईल, मग थांबायचे. 90 सेकंदांच्या आत नाडी 120 वर आली पाहिजे. लवकर आली तर लवकर निघायचे. आली नाही, तर धाव जास्त वेगाची किंवा जास्त लांबीची झाली, असे समजून ती कमी करायची. हृदयाची क्षमता विश्रांतीच्या त्या दीड मिनिटातच वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. हे स्पष्टीकरण पुढच्या संशोधनात जसेच्या तसे टिकले नाही. पण पुढची फेरी कधी सुरू करायची हे शरीराला विचारून ठरवायचे, हा नियम टिकला.

तो वापरायला यंत्र लागत नाही. गळ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून 10 सेकंद ठोके मोजायचे. 20 भरले की नाडी 120. मात्र 180 चा आकडा तरुण खेळाडूंसाठी होता. पन्नाशीच्या धावपटूची कमाल नाडीच कित्येकदा त्याहून खाली असते, त्यामुळे त्याने या आकड्याच्या मागे लागू नये. त्यापेक्षा फेऱ्यांच्या वेळा पाहाव्यात. समजा, 10 किलोमीटर 55 मिनिटांत होतात. अशा धावपटूचा 5 किलोमीटरचा पेस साधारण 5:17 पडतो, म्हणजे 400 मीटरला 2:07. आठही फेऱ्या 2:05 ते 2:09 मध्ये बसल्या आणि मध्ये 200 मीटर अगदी सावकाश जॉग झाला, तर सराव जमला. पहिली 1:50 आणि आठवी 2:15 आली, तर थकवा मिळाला, सराव झाला नाही.

चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने हीच कल्पना ताणली: 400 च्या वीस फेऱ्या, कधी त्याहून कितीतरी जास्त, मध्ये 200 मीटर जॉग. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5000, 10,000 आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णे घेतली. जगाने त्याच्या फेऱ्यांची संख्या पाहिली. इतक्या फेऱ्या होण्याइतका त्यांचा वेग आवाक्यातला असायचा, हे फार थोड्यांनी पाहिले. त्याच्या आधी स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेरने जंगलवाटांवर मनाप्रमाणे वेग वाढवण्या-उतरवण्याची फार्टलेक पद्धत रुजवली होती. जवळ ट्रॅक नसलेल्या गावात ती आजही उत्तम चालते: दोन विजेच्या खांबांमध्ये जोरात, पुढचे दोन खांब सावकाश.

नोकरी सांभाळून धावणाऱ्यांनी नीट अभ्यासावा असा टप्पा मात्र रॉजर बॅनिस्टरचा आहे. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना तो दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. 1953-54 च्या हिवाळ्यात त्याने 440 यार्डांच्या (सुमारे 400 मीटर) दहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, असा क्रम धरला. सुरुवातीला फेरीला 66 सेकंद लागत, एप्रिलपर्यंत ते 61 वर आले आणि तिथेच अडले. त्याने फेऱ्या वाढवल्या नाहीत. धावणे सोडून तो काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेला. परतल्यावर त्याच दहा फेऱ्या 59 सेकंदांत झाल्या. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल 3:59.4 मध्ये पूर्ण केला. वेळ आठवड्यानुआठवडे हलत नसेल, तर आधी कमी करून पाहावे आणि मग वाढवावे, याचा यापेक्षा चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

लाँग रन आपल्याकडे पोचला तो न्यूझीलंडमधून. आर्थर लिडियर्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि ऑकलंडमधल्या शेजारपाजारच्या मुलांना धावायला शिकवायचा. त्याच्या शिष्यांना आठवड्याला 100 मैल आणि वायटाकेरे डोंगररांगेतली 22 मैलांची फेरी चुकत नसे. 800 मीटरचा धावपटू पीटर स्नेलही त्यातून सुटला नाही. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेलने 800 चे आणि मरी हॅलबर्गने 5000 चे सुवर्ण जिंकले. डिसेंबर 1961 मध्ये स्नेल मॅरेथॉन धावला आणि जानेवारी 1962 मध्ये वांगानुईच्या गवती ट्रॅकवर त्याने मैलाचा विश्वविक्रम केला.

इथेही 100 मैलांचा आकडा तेवढा पसरला. खरी गोष्ट क्रमात होती: आधी कित्येक आठवडे दमछाक न होता पल्ला, मग चढ, मग ट्रॅकवरचे वेगाचे आठवडे, शेवटी हलका सराव आणि शर्यत. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि ऑक्सिजन वापरण्याची ताकद वाढायला महिने लागतात. वेगाची धार काही आठवड्यांत येते आणि तितक्याच लवकर बोथट होते. म्हणून क्रम उलटवला तर शर्यतीच्या आधीच सर्वोत्तम फॉर्म येऊन जातो. हौशी धावपटूला आठवड्याला 40-50 किलोमीटर पुरतात, क्रम मात्र तोच लागतो.

गुरुवारचा टेम्पो सर्वांत उशिरा आला. 1970 च्या दशकात रक्तातल्या लॅक्टेटची (जोरात धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या पदार्थाची) मोजणी सरावाशी जोडली गेली आणि अमेरिकेत जॅक डॅनियल्स यांनी शर्यतीच्या वेळेवरून सरावाचे वेग काढण्याची कोष्टके बनवली. साधारण तासभर टिकेल अशा पेसने 20 मिनिटे, हे टेम्पोचे मूळ माप. वरच्या 55 मिनिटांच्या धावपटूला ते 5:35 च्या आसपास पडते, आणि सावकाश दिवसाचा पेस 6:30 ते 7:00. बहुतेकांचे बिनसते ते या सावकाश दिवशी: ते 5:50 ने धावतात, मंगळवारी पाय जड असतात आणि दोष मंगळवारच्या फेऱ्यांना जातो.

महाराष्ट्रात हे सगळे एकदम आले. पुणे मॅरेथॉन 1983 पासून होती, पण हौशी धावपटूंची मोठी लाट आली ती 2004 च्या मुंबई मॅरेथॉननंतर. शर्यत जानेवारीत, त्यामुळे लिडियर्डचा क्रम आपल्या ऋतूंवर चांगला बसतो: पावसाळ्यात पल्ला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चढ, नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात 400 आणि 800. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ वाटेत असल्याने चढांचा टप्पा गाळू नये. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात 90 सेकंदांत नाडी उतरत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळलेले असते आणि हृदयाला तेवढे जास्त काम पडते. अशा दिवशी विश्रांती दोन-अडीच मिनिटांवर न्यावी, किंवा फेरीमागे चार-पाच सेकंद सोडावेत. मनगटावरच्या घड्याळाची नाडी छोट्या फेऱ्यांत मागे पडते आणि जीपीएस ट्रॅकच्या वळणांवर अंतर चुकवते, म्हणून 400 साठी ट्रॅकवरची रेषा आणि गळ्यावरची दोन बोटेच वापरावीत.