क्लॅरिनेट व पियानोसाठी फ्रेंच संगीताची रूपांतरे

मूळ गायन, एकल पियानो, चेलो व पियानो किंवा वाद्यवृंद यांसाठी रचलेले फ्रेंच अभिजात संगीत क्लॅरिनेट आणि पियानो या जोडीसाठी नव्याने लिहिण्याची पद्धती. रूपांतरासाठी प्रामुख्याने फोरे, दब्यूसी, साती व राव्हेल यांच्या १८७० ते १९१४ या सुमाराच्या रचना निवडल्या जातात. याच जोडीसाठी मुळातच रचलेल्या कृती, उदा. दब्यूसीची पहिली रॅप्सडी (१९०९–१०), सँ-साँसचा सोनाटा (१९२१) आणि पुलांकचा सोनाटा (१९६२), या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र पियानोचा पोत कसा लिहावा याचे उत्तम नमुने रूपांतरकाराला त्यांतच मिळतात.

पूर्वपीठिका : पॅरिस कॉन्झर्वात्वार या संगीत-विद्यालयाची स्थापना १७९५ मध्ये झाली. तेथील क्लॅरिनेट-शिक्षणात इतर वाद्यांची रचना आपल्या वाद्यावर आणण्याची सवय लवकरच रुजली असावी. क्लॅरिनेटशिक्षक सिरील रोझ यांचे आजही शिकवले जाणारे ३२ अभ्यासपाठ प्रामुख्याने फेर्लिंग यांच्या ओबो या सुषिर वाद्यासाठीच्या अभ्यासपाठांवर आधारलेले आहेत. वादक क्लोझे आणि वाद्यकार बुफे यांनी १८३९ ते १८४३ च्या दरम्यान सिद्ध केलेल्या चावीरचनेमुळे (पेटंट १८४४) दूरच्या पट्ट्यांत वाजवणे सुकर झाले. पाच-सहा फ्लॅटच्या (कोमल स्वरखुणांच्या) पियानो रचना या वाद्यावर आणणे त्यानंतरच व्यवहार्य ठरले, असे म्हणता येईल.

मूळ कृती कोणती, हा प्रश्न काही रचनांच्या बाबतीत सरळ नाही. फोरेची ‘सिसिलिएन’ (कृती ७८) १८९३ मध्ये मोल्येरच्या एका नाटकासाठी लिहिली गेली, पण तो प्रयोग रंगभूमीवर आला नाही. १८९८ मध्ये ती चेलो व पियानोसाठी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ‘पेलेआस आणि मेलिसांद’ या नाटकाच्या लंडनमधील प्रयोगासाठी संगीतकार केकलँ यांनी तिचे वाद्यवृंदलेखन केले. तेथे मुख्य सुरावट बासरीकडे आहे. म्हणून काही जण वाद्यवृंदाची प्रत आधारभूत मानतात, कारण त्यांच्या मते सुषिर वाद्याचा रंग तीतच आहे. दुसरा पक्ष चेलोची प्रत घेतो. तीत पियानोचा भाग स्वतः संगीतकाराचा असल्याने रूपांतरकाराची ढवळाढवळ कमी होते, आणि हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. राव्हेलची ‘आबानेरा’ ही १९०७ मध्ये खालच्या आवाजासाठी लिहिलेली स्वराभ्यास-रचना होय. तिची वाद्यरूपे बहुतांशी इतरांच्या हातची असून क्लॅरिनेटची प्रचलित प्रत क्लॅरिनेटवादक गास्ताँ आमलँ यांची आहे. फोरेच्या ‘आप्रे अं रेव्ह’ या गीताचा रचनाकाळ साधारणपणे १८७७ च्या आसपास धरतात. चेलोवादक कासाल्स यांच्या चेलो रूपांतरामुळे (१९१०) ते वाद्यसंगीत म्हणून सर्वदूर पोचले.

पट्टी व वाद्याची निवड : बी फ्लॅट क्लॅरिनेटचा लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्णस्वर खाली ऐकू येतो, तर ए क्लॅरिनेटचा तीन अर्धस्वर खाली. त्यामुळे जी मायनरमधील ‘सिसिलिएन’ बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ए मायनरमध्ये लिहिली जाते, आणि तीच ए क्लॅरिनेटसाठी लिहिल्यास पाच फ्लॅट येतात. उलट फोरेची एफ शार्प मायनरमधील ‘पाव्हान’ (कृती ५०) ए क्लॅरिनेटसाठी ए मायनरमध्ये येते, बी फ्लॅटसाठी पाच शार्प (तीव्र स्वरखुणा) लागतात.

शार्प-फ्लॅट मोजून वाद्य ठरवणे मात्र पुरेसे नाही. जोराने फुंकल्यावर क्लॅरिनेट सप्तकावर न जाता बाराव्या स्वरावर जाते. मधले अंतर भरण्यासाठी मधल्या सीपासूनच्या सप्तकातील लिहिलेले जी ते बी फ्लॅट हे कंठस्वर जवळजवळ सर्व छिद्रे उघडी ठेवून वाजवले जातात. त्यांच्यालगतच्या बी नॅचरलला मात्र सर्व छिद्रे एकदम बंद करावी लागतात. कंठस्वर नादाने फिके असतात आणि हा सांधा हळू, जोडून वाजवायच्या सुरावटीत उघडा पडतो. बहुतेक रूपांतरे फसतात ती येथे.

दब्यूसीच्या ‘जवसाच्या रंगाच्या केसांची मुलगी’ (प्रेल्यूद, पहिला संच, क्र. ८) या पियानोरचनेवरून हे स्पष्ट होते. तिची पट्टी जी फ्लॅट मेजर असून आरंभी डी फ्लॅट, बी फ्लॅट, जी फ्लॅट, ई फ्लॅट असा एकट्या सुरावटीचा उतार आहे. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तो ई फ्लॅट, सी, ए फ्लॅट, एफ असा होतो, ए क्लॅरिनेटवर ई, सी शार्प, ए, एफ शार्प. दोन्हीकडे सांधा उतारात एकदा व चढताना पुन्हा ओलांडावा लागतो. म्हणजे वाद्य बदलून प्रश्न सुटत नाही. रचना अर्धस्वर खाली एफ मेजरमध्ये नेल्यास लिहिलेले स्वर डी, बी, जी, ई होतात आणि सांधा तसाच राहतो. एक सप्तक वर नेल्यास स्वर टोकदार होऊन रचनेचे मवाळपण जाते. पट्टी मेजर तृतीयाने (चार अर्धस्वरांनी) चढवून बी फ्लॅट मेजर केल्यास बी फ्लॅट क्लॅरिनेटवर जी, ई, सी, ए असे स्वर येतात व केवळ शेवटचा कंठात पडतो. पण पियानोवरील काळ्या पट्ट्यांवरची हाताची मूळ ठेवण आणि नाद नाहीसा होतो. मूळ पट्टी राखावी आणि कंठस्वरावर असतानाच उजव्या हाताची बोटे छिद्रांवर ठेवावीत, हा जुना उपाय येथे अधिक हितावह आहे. त्याने कंठस्वर भरीव होतो व सांधाही जुळतो. गीतांबाबत इतके सोवळे पाळण्याचे कारण नाही. फोरेची गीते उंच व खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापली जातच होती.

पियानोचा भाग : एकल पियानोची रचना असल्यास क्लॅरिनेटकडे गेलेली सुरावट पियानोतून काढतात. ती तशीच राहिली तर दोन वाद्यांच्या स्वरांतील बारीक फरक लगेच कानाला जाणवतो. क्लॅरिनेट हळू वाजवताना किंचित चढते, मोठ्याने वाजवताना उतरते, पियानो मात्र स्थिर असतो. अपवाद समांतर स्वरसंघांचा. तेथे वरचा स्वर काढला की संघ पोकळ होतो, म्हणून तो ठेवून पियानोला एक पायरी हळू आवाजात वाजवण्याची खूण देतात. दब्यूसीच्या वरील रचनेच्या आरंभीसारख्या एकट्या सुरावटीखाली पियानोत काहीही भरू नये.

वाद्यवृंदाच्या रचनेत आधी खर्ज व सुरावट लिहून घेतात, मग मधल्या आवाजांतील पुनरुक्ती गाळून उरलेले स्वर दोन हातांत बसवतात. दहाव्या स्वरापलीकडचा ताण टाळतात. तंतुवाद्यांचा दीर्घ स्वर पियानोवर विरतो. तो तालाच्या मोकळ्या जागी पुन्हा छेडावा, कंपनाने (जलद पुनरावृत्तीने) ताणू नये. ‘पाव्हान’मधील छेडलेल्या तंतूंसाठी पेडल वर्ज्य. हीच सुरावट क्लॅरिनेटवर खालच्या सप्तकात घेतल्यास नाद सुंदर येतो, पण पियानोचे मधले स्वर तेथेच असल्याने साथ विरळ करावी लागते.

चेलोच्या प्रतीवरून लिहिताना मर्यादा खालच्या टोकाला असते. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा ऐकू येणारा स्वर मधल्या सीखालच्या सप्तकातील डी होय, चेलो त्याच्याही बरेच खाली जातो. सप्तकबदल वाक्याच्या सांध्यावर किंवा विरामानंतर करावा. वाक्याच्या मध्ये केल्यास सुरावट तुटते.

श्वासाच्या खुणा रूपांतरकारानेच घालाव्यात. मिनिटास ६६ मात्रांच्या गतीने तीन मात्रांची चार आवर्तने सुमारे ११ सेकंद घेतात आणि हळू आवाजात वाजवताना हा सोयीचा पल्ला आहे. तंतुवाद्याच्या गजखुणा क्लॅरिनेटच्या भागात तशाच उतरवल्यास जिभेचे आघात नको तेथे पडतात.

स्वामित्व : भारतात हक्काची मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, फ्रान्समध्ये सर्वसाधारणपणे ७० वर्षे असते. फोरे (मृ. १९२४), दब्यूसी (मृ. १९१८) व साती (मृ. १९२५) यांच्या रचना दोन्हीकडे मुक्त आहेत, तर पुलांकच्या (मृ. १९६३) रचनांना फ्रान्समध्ये अद्याप संरक्षण आहे. एखाद्याने केलेल्या रूपांतरावर त्याचा स्वतंत्र हक्क असतो, त्यामुळे काम मूळ प्रतीवरूनच करावे लागते.