बस्तर लोहशिल्प

छत्तीसगढच्या बस्तर भागातील लोहारांची, तापलेले लोखंड ठोकून पशुपक्षी, दिवे आणि देवस्थानांच्या वस्तू घडवण्याची कला. तिचे मुख्य केंद्र म्हणजे रायपूर–जगदलपूर महामार्गावरचे कोंडागाव आणि उमरगावसारखी आसपासची गावे. कोंडागाव पूर्वी बस्तर जिल्ह्यात होते. २०१२ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. या कलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे.

कोंडागावातच घडवा समाजाचे कारागीर ढोकरा पद्धतीने पितळेच्या मूर्ती ओततात आणि प्रदर्शनांत ही दोन्ही कामे शेजारीशेजारी मांडलेली असतात, त्यामुळे पाहणाऱ्याची गल्लत होते. ढोकऱ्यात मेणाच्या नमुन्याभोवती मातीचा साचा बसवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. नमुन्यावर काढलेली बारीकसारीक नक्षी जशीच्या तशी उमटते. लोखंडाचे तसे नाही. लोहाराच्या छोट्या भट्टीत ते ओतण्याइतके पातळ होतच नाही, फक्त मऊ होते. म्हणून येथे जे काही घडते ते घणाखाली. लोखंड ओढून लांब करायचे, ठेचून जाड करायचे, वाकवायचे, पीळ द्यायचा, छिनीने चिरायचे, भोक पाडायचे. एवढ्याच क्रिया हाताशी असतात आणि विळा-कोयता करतानाही त्याच लागतात.

बस्तरच्या लोखंडी प्राण्यांचे ते लांबट, सडपातळ रूप यातूनच आले आहे, असे म्हणायला हरकत नाही. गज किंवा पट्टी सहज लांब होते, टोकाकडे निमुळती होते. तिला पोट आणणे मात्र कष्टाचे काम. हरिण, बगळा, मोर, सरडा हे प्राणी पट्टीतून जणू आपोआप निघतात. गुबगुबीत प्राणी घडवायचा तर लोखंडाशी झगडावे लागते, आणि शहाणा लोहार त्या वाटेला फारसा जात नाही.

चौपाया घडवण्याची एक सरळ रीत अशी. जाडसर पट्टी घेऊन तिचे एक टोक लालबुंद तापवतात आणि छिनीने उभे चिरून दोन फाळके करतात. ते मागचे पाय. दुसऱ्या टोकाला दोन चिरा देतात. बाजूचे दोन फाळके खाली वळवले की पुढचे पाय होतात, मधला वर उचलला की मान. मानेचे टोक ठेचून तोंड, त्यालाच लहान चिरा देऊन कान. धड, पाय, मान सगळे एकाच लोखंडाचे राहते, कुठे सांधा नाही. शिंगे बहुधा वेगळी करून बसवतात. खऱ्या चितळाच्या शिंगांपेक्षा ती कितीतरी लांब असतात, कधी अख्ख्या अंगापेक्षा उंच, आणि शिल्पाचा डौल त्यांच्यावरच ठरतो.

शिंगांचे काम नाजूक आहे ते उष्णतेमुळे. जाड धड भट्टीतून काढल्यावर बराच वेळ लाल राहते. शिंगाचे टोक ऐरणीवर येईपर्यंत काळवंडते. दोनचार घाव बसतात न बसतात तोच पुन्हा भट्टीत घालावे लागते. दर तापवणीला वरचा पापुद्रा जळून सुटतो आणि आधीच बारीक असलेले टोक आणखी झिजते. जरा जास्त वेळ निखाऱ्यात राहिले तर लोखंडातून ठिणग्या उडू लागतात आणि टोक जळून जाते. थर्मामीटर कुठेच नसतो. गडद लाल, केशरी, पिवळा हे रंग पाहून सगळे चालते. एक जण सांडशीत काम धरून लहान हातोडीने जागा दाखवतो आणि दुसरा तिथे घण घालतो.

ही शिल्पे दिवाणखान्यासाठी जन्मली नाहीत. लोहाराचा मूळ धंदा फाळ, कुऱ्हाडी, विळे आणि बाणांची टोके पुरवण्याचा. त्याच भट्टीतून देवगुडीसाठी, म्हणजे गावदेवाच्या ठाण्यासाठी, त्रिशूळ निघत, देव अंगात येणाऱ्या सिरहाच्या, म्हणजे भगताच्या, हातातले साखळदंड निघत, देवाला वाहायचे घोडे आणि घोडेस्वार निघत. लग्नकार्यात लोखंडी दिव्याला मान असे. उभ्या दिव्यांच्या आणि लामणदिव्यांच्या फांद्यांवर बसवलेले पक्षी आजही दिसतात. सुटे हरिण आणि सुटा मोर ही बरीचशी शहरी गिऱ्हाइकाची मागणी आहे.

मध्य भारतातील अगरिया जमातीचे लोक पूर्वी खनिजापासून स्वतः लोखंड गाळत. त्यांच्या कथांतला लोहासुर, म्हणजे लोखंडाचा असुर, भट्टीतच राहतो. मानववंशशास्त्रज्ञ वेरिअर एल्विन यांनी या जमातीवर १९४२ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हाच कारखान्याच्या स्वस्त लोखंडापुढे या भट्ट्या मागे पडत होत्या. आज बस्तरचा कारागीर बाजारातले गज, पट्ट्या, पत्रा किंवा भंगार वापरतो. दक्षिणेला दंतेवाडा जिल्ह्यात बैलाडिलाच्या डोंगरांत देशातले अत्यंत कसदार लोहखनिज आहे. १९६८ पासून ते खणून रेल्वेने विशाखापट्टणमला आणि तिथून जपानला जाऊ लागले. खाणीच्या प्रदेशातला लोहार भंगार विकत घेतो, हा विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

भात्याची जागा आता बहुतेक ठिकाणी पंख्याने घेतली आहे, आणि त्याने कलेचे काही बिघडले नाही, दम वाचला. विजेच्या वेल्डिंगचे मात्र तसे नाही. पाय कापून चिकटवले की काम झटपट होते, पण एका पट्टीतून उमलण्याची ती गंमत जाते. घेताना पाय जिथे धडाला मिळतो ती जागा पाहावी: तिथे वितळलेल्या धातूची गाठाळ कड असेल तर वेल्डिंग, लोखंड सलग वळलेले आणि फाट्याच्या बेचक्यात छिनीची खूण असेल तर घडाई. अंगावर घणाचे चपटे ठसे हवेत. ते घासून गुळगुळीत केले असतील तर वस्तूचा जीवच गेला.

महाराष्ट्राच्या गडचिरोलीची हद्द जुन्या बस्तरला लागूनच आहे. मुंबई-पुण्यात मात्र या वस्तू येतात त्या हस्तकला प्रदर्शनांतून. त्यांचा काळा रंग भट्टीतल्या पापुद्र्याचा असतो आणि त्यावर वॉर्निशचा हात दिलेला असतो. कोकणच्या दमट हवेत तो पुरत नाही. शिंगांच्या बेचक्यांत आणि पायांच्या तळाशी आधी गंज धरतो. तो कोरड्या ब्रशने झाडून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल लगेच पुसून घ्यावे. पाण्याने धुवू नये.