एएफआर गेज आणि त्यावरचे आकडे (ट्यून केलेली पेट्रोल गाडी)

एएफआर (एअर-फ्युएल रेशो) म्हणजे इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल यांचं वजनाने प्रमाण. १४.७ म्हणजे एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा, हिशोबाने पेट्रोलही पूर्ण जळतं आणि ऑक्सिजनही उरत नाही. आकडा त्याच्या वर गेला की गाडी लीन (पेट्रोल कमी), खाली आला की रिच (पेट्रोल जास्त). रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेल्या) किंवा टर्बो, डाउनपाईप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाईप) बदललेल्या गाडीत स्टिअरिंगजवळ किंवा ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) जो ५२ मिलिमीटरचा गोल गेज दिसतो तो बहुतेक वेळा हाच असतो.

आता मुख्य गोष्ट, जी गेज विकणारा सहसा सांगत नाही. हा गेज हवा मोजत नाही आणि पेट्रोलही मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये बसवलेला सेन्सर जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, किंवा किती कमी पडला, एवढंच बघतो आणि त्यावरून लॅम्डा (खरं प्रमाण भागिले बरोबर प्रमाण) काढतो. लॅम्डा १ म्हणजे बरोबर प्रमाण. मग गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणतो आणि आकडा दाखवतो, झालं. त्यामुळे पंपावर आता मिळणारं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरलं, ज्याचं खरं बरोबर प्रमाण साधारण १३.५ आहे, तरी गेजवर लॅम्डा १ ला १४.७ च दिसणार. सीएनजीवर चालवलं, जिथे ते प्रमाण १७ च्या वर आहे, तरी १४.७ च. म्हणून बरेच ट्युनर गेज सरळ लॅम्डावर ठेवतात आणि माझ्या मते तेच बरं, पेट्रोल बदललं म्हणून डोक्यात गुणाकार करत बसावं लागत नाही.

सेन्सर दोन जातीचे. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत आला तो नॅरोबँड, आजही खूप गाड्यांत असतो. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो आणि १४.७ च्या आजूबाजूला एकदम उडी मारतो, म्हणजे रिच की लीन एवढंच कळतं, किती ते कळत नाही. त्याला जोडलेले जुने रंगीत लाईटचे गेज नाचायचे छान, उपयोग शून्य. ट्यूनिंगला वाइडबँड लागतो. त्यात झिर्कोनियाचा एक छोटा सेल ऑक्सिजन आत-बाहेर पंप करतो, समतोल राखायला किती करंट लागला त्यावरून लॅम्डा निघतो, आणि आतला हीटर त्याला सातशे-साडेसातशे अंशांच्या वर गरम ठेवतो. म्हणूनच सेन्सर एक्झॉस्टमध्ये लावून ठेवला आणि त्याची वायर काढून गाडी फिरवली तर काजळी बसून तो वाया जातो.

आकडा एकटा वाचायचा नसतो, पाय कुठे आहे, आरपीएम किती, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) किती हे सोबत बघायचं. गाडी गरम झाल्यावर आयडलला आणि सरळ रस्त्यावर क्रूज करताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच्या सेन्सरवरून पेट्रोल सारखं कमी-जास्त करत असतो त्यामुळे आकडा १४.७ च्या भोवती हलत राहतो, १४.३, १५.०, १४.६, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी थंड स्टार्टला १२-१३ दिसलं तरी ठीक. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, नुसती हवाच जाते आणि गेज २० च्या पुढे किंवा नुसत्या रेघा दाखवतो, आणि नवीन गेज लावलेला माणूस हे बघून ‘गाडी लीन मारतेय’ म्हणून ट्युनरला फोन करतो.

खरा आकडा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरचा. टर्बो नसलेल्या इंजिनात बहुतेक ट्युनर १२.५ ते १३ धरतात, टर्बोला ११.५ ते १२ च्या आसपास, कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून बसणारा ठोका) लांब राहतो. पण ११ च्या खाली नेलं म्हणजे आणखी सुरक्षित असं नाही, ताकद जाते, काळा धूर येतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं.

लॉग (चालवताना नोंदवलेले आकडे) असा वाचतात: तिसऱ्या गिअरला २५०० आरपीएमपासून पूर्ण दाबली, ५००० पर्यंत आकडा १२.० ला चिकटलेला, बूस्टही सपाट, मग ५५०० ला १२.३, ६००० ला १२.८. बूस्ट तेवढाच आहे, ट्युनरने मॅपमध्येही (ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यातही) वर जाताना पेट्रोल कमी केलेलं नाही, म्हणजे पेट्रोल पोहोचत नाहीये. हवा तेवढीच धरली तर १२.० चं १२.८ होणं म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त पेट्रोल कमी पडलं. इथे पाय काढायचा आणि फ्युएल पंप, फिल्टर, फ्युएल प्रेशर, इंजेक्टरची ड्युटी (तो किती टक्के वेळ उघडा राहतो) बघायची, मॅपमध्ये अजून पेट्रोल टाकून हे सुटत नाही कारण पेट्रोल देणारी यंत्रणाच कमी पडतेय.

गेज खोटं बोलतो तेही माहीत हवं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठे लीक असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि १६-१७ दिसतं, पूर्ण दाबल्यावर मात्र आकडा जवळपास बरोबर. मिसफायर झाला (सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही) की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, गेज लीन म्हणतो, आणि प्लग ओले होण्याइतकी रिच गाडीसुद्धा अशी लीन दिसू शकते. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमला (जो दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवतो) आयडलला हेच होतं. शिवाय चार सिलिंडरचा धूर एकत्र आल्यावरचा हा आकडा आहे, एक इंजेक्टर चोंदला तर तो सिलिंडर १३.५ ला आणि बाकीचे तीन ११.५ ला असू शकतात, गेज मधलं काहीतरी दाखवून मोकळा. त्यामुळे गेज चांगला दिसतोय म्हणून नॉककडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

सेन्सर टर्बोच्या आधी लावत नाहीत, तिथे प्रेशर आणि उष्णता दोन्ही जास्त. टर्बोनंतर पण कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, पाईपच्या वरच्या अर्ध्या भागात बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करतात म्हणजे थंड गाडीतलं पाणी गरम सेन्सरवर पडून तो तडकत नाही. शिसं हा त्याचा जुना शत्रू, भारतात २००० पासून पंपावरचं पेट्रोल बिनशिशाचं आहे पण लेडेड रेस फ्युएल वापरणाऱ्याने सेन्सर खर्चात धरावा. चुकीचा सिलिकॉन सीलंटही सेन्सर मारतो. संशय आला तर सेन्सर काढून मोकळ्या हवेत धरायचा, जिथे मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करायची सोय आहे तिथे ते करायचं, आणि तरी आकडा आळशासारखा हलत असेल तर सेन्सर बदलायचा. गेजचा आणि लॉगरचा आकडा वेगळा येत असेल तर मात्र सेन्सरला दोष देण्याआधी गेजच्या ०-५ व्होल्ट आउटपुटचं सेटिंग आणि अर्थिंग बघा, बऱ्याचदा अर्थ चुकीच्या जागी घेतलेला असतो.