पार्श्वभूमी : सात वर्षे आणि वर अठरा दिवस

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पोहोचले. आपल्या मातीतून तिथवर जाणारी वाट पहिल्यांदा पाडली ती एका पंजाबी शेतकऱ्याने, 66 वर्षे आधी. त्यांचे नाव दलीप सिंग सौंद. मतदारांपुढे हात जोडायच्या आधी त्यांची निम्मी हयात अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या कायद्याशी झगडण्यात गेली. त्यामुळे त्यांची गोष्ट सांगायची तर त्या कायद्यापासूनच सुरुवात करावी लागते.

सौंद यांचा जन्म 1899 मध्ये अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवाडीचा. गणितात पदवी घेऊन ते 1920 मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कलीला गेले. फळे डबाबंद करण्याचे तंत्र शिकायचे आणि परत येऊन आंब्याचा कारखाना काढायचा, असा बेत होता. (आंबा टिकवायचा कसा हे शिकायला सातासमुद्रापार जायचे, यावर कोकणातली माणसे मिश्कील हसतील.) पण गणिताची ओढ जबर. 1922 मध्ये एम.ए., 1924 मध्ये पीएच.डी. आणि पुढच्याच वर्षी हे डॉक्टर कॅलिफोर्नियातल्याच इंपीरियल व्हॅलीच्या रखरखीत उन्हात कापूस वेचणाऱ्या मजुरांचे मुकादम झाले. शिकलेल्या भारतीय माणसाला तिथे नोकरीची दारे बंदच होती.

1790 च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ परदेशीयांना मिळत असे. 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग भारतीय माणूस गोरा की नाही? भगतसिंग थिंड अमेरिकी सैन्यात राहून आलेले. त्यांनी आपण कॉकेशियन, म्हणजे शास्त्राप्रमाणे गोरेच, असा दावा केला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ‘गोरा’ म्हणजे रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो. शास्त्र राहू द्या बाजूला. या निकालानंतर ज्यांना नागरिकत्व आधीच मिळाले होते अशा कित्येकांचेही काढून घेण्यात आले.

दुसरा फास जमिनीचा. नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशीयाला कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नसे. मग अमेरिकी ओळखीच्यांच्या नावावर कागद करायचे आणि घाम आपण गाळायचा, ही तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांची रीत. सौंद यांनीही तसेच निभावले. मंदीच्या वर्षांत लेट्यूसचे (सॅलडच्या पाल्याचे) भाव कोसळले, डोक्यावर कर्ज चढले. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याची सोय होती. त्यांनी ती नाकारली आणि वर्षानुवर्षे एकेक देणे फेडले. पुढे मते मागायला निघालेल्या या माणसाची खरी पुंजी हीच असावी, असे मला वाटते.

1942 मध्ये त्यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभी केली आणि नागरिकत्वाच्या हक्कासाठी खटपट सुरू झाली. रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर यांच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 2 जुलै 1946 रोजी सही केली. भारतीयांना नागरिक होता येऊ लागले. नव्याने येणाऱ्यांचा कोटा मात्र वर्षाला जेमतेम 100. सौंद 16 डिसेंबर 1949 रोजी नागरिक झाले. पाऊल ठेवल्याला तेव्हा 29 वर्षे झाली होती.

1950 मध्ये वेस्टमोरलंड गावाने त्यांना न्यायाधीश म्हणून निवडून दिले. पण नागरिकत्वाला वर्ष पुरे व्हायचे होते, म्हणून ती निवड गेली. 1952 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. एकाने चारचौघांत टोमणा मारला, ‘निवडून आलात तर कोर्टात यायला फेटे तुम्ही देणार, की आम्ही विकत घ्यायचे?’ सौंद यांचे उत्तर असे, की माणसाने डोक्यावर काय घातलेय याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे तेवढे मी बघतो. ते निवडून आले.

मग 1956. प्रतिनिधीगृहासाठी सात वर्षांचे नागरिकत्व लागते. सौंद उभे होते डेमोक्रॅटिक पक्षाकडून. पक्षातलाच एक प्रतिस्पर्धी हाच मुद्दा घेऊन कोर्टात गेला, पण डाळ शिजली नाही. हिशोब साधा होता : सात वर्षे भरत होती 16 डिसेंबर 1956 ला, आणि शपथ होती 3 जानेवारी 1957 ला. अठरा दिवस शिल्लक!

समोर होत्या रिपब्लिकन जॅकलिन कॉक्रन. ध्वनीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली स्त्री, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्नेही, नवरा गडगंज उद्योगपती. त्या स्वतःचे विमान उडवत प्रचार करीत. सौंद कुटुंब दारोदार फिरून मतदार नोंदवत होते. आयझेनहॉवर यांच्या लाटेतही सौंद तीन हजारांवर मतांनी निवडून आले.

पहिल्याच वर्षी परराष्ट्र व्यवहार समितीत जागा मिळाली, आशियाचा दौरा झाला, गावाकडेही जाऊन आले. 1957 च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. 1958 आणि 1960 च्या निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. मे 1962 मध्ये पक्षाघाताने वाचा गेली. मतपत्रिकेवर नाव तसेच राहिले. नोव्हेंबरमध्ये ते हरले. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतीय वंशाचा पुढचा सदस्य, बॉबी जिंदल, त्या सभागृहात आला 2005 मध्ये. तोही अमेरिकेत जन्मलेला. भारतात जन्मलेल्या प्रमिला जयपाल आणि राजा कृष्णमूर्ती यांनी शपथ घेतली तेव्हा 2017 उजाडले होते.