अपग्रेडनंतर कॉम्प्युटरचा आवाज बिघडला तर

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे आपल्या बऱ्याच ग्राहकांनी विंडोज ११ करून घेतले आणि दुकानात एकाच तक्रारीचे फोन येऊ लागले : "पट्टी शंभरावर आहे, पण आवाज नाही." आमचे गुजराती पत्रक आधीपासून आहेच. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या घरांतून मराठीची मागणी झाली म्हणून हे.

पहिली गोष्ट, नवे स्पीकर घ्यायची घाई करू नका. आमच्याकडे मिळतात, तरीही सांगतो. काल रात्री ठणठणीत वाजणारे स्पीकर अपग्रेड झाले म्हणून सकाळी जळत नाहीत. बहुतेक वेळा आवाज तयार होत असतो, फक्त भलतीकडे जात असतो. तेव्हा पट्टी वरखाली करत बसण्याआधी तो कुठे चालला आहे ते बघा.

सुरुवात रीस्टार्टने

शटडाउन करून पुन्हा चालू केले म्हणजे झाले, असे नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर (साउंड कार्डासारखे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) डिस्कवर तसेच जपून ठेवले जातात, आणि चालू करताना तेच परत उचलले जातात. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. स्पीकरची वायर मागच्या हिरव्या भोकात आहे ना, आणि स्पीकरचे स्वतःचे बटण शून्यावर नाही ना, तेही बघून घ्या. घरात झाडलोट झाली असेल तर हे नक्की बघा.

आवाज मॉनिटरकडे गेला

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हेच कारण सगळ्यात जास्त. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असेल तर त्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. मॉनिटरला स्पीकर नसले, नुसते हेडफोन लावायचे भोक असले, तरी विंडोजला तो आवाजाचे एक साधन म्हणूनच दिसतो. अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की विंडोज कधी कधी त्यालाच मुख्य साधन धरते. मग कीबोर्डवरची बटणे चालतात, पडद्यावर पट्टी हलते, मिक्सरमध्ये हिरवी रेघही नाचते, आणि खोलीत शुकशुकाट.

उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा आणि 'साउंड सेटिंग्ज' उघडा. वरच 'आउटपुट' खाली सगळ्या साधनांची यादी दिसेल. तिथे मॉनिटरच्या कंपनीचे नाव निवडलेले असेल तर ते सोडून 'स्पीकर्स' असे लिहिलेली ओळ निवडा. शेजारी बहुधा 'रिअलटेक' किंवा 'हाय डेफिनिशन ऑडिओ' असे असते. नेहमीच्या वापरासाठी कीबोर्डवर विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणे एकदम दाबली की हीच यादी झटपट उघडते. घरात ब्लूटूथ हेडफोन असतील तर तेही तपासा. शेजारच्या खोलीत चालू राहिलेला हेडफोन सगळा आवाज गुपचूप ओढून घेतो.

एकाच प्रोग्रॅमचा आवाज नाही

यूट्यूब वाजते, पण तानपुऱ्याचे ॲप गप्प, अशी तक्रार घेऊन एक गाणे शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. क्लासची मुले समोर बसलेली आणि सूर नाही. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असते आणि प्रत्येकाला वेगळे साधनही नेमून देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. प्रोग्रॅम त्या वेळी वाजत ठेवा, नाहीतर यादीत त्याचे नाव सापडायचे नाही. बाईंच्या मशिनवर तानपुऱ्यापुढे जुन्या, कधीच्या मोडीत गेलेल्या यूएसबी हेडफोनचे नाव होते. ते बदलून 'डिफॉल्ट' केले आणि क्लास सुरू झाला. फार गुंता दिसला तर त्याच पानावर 'रीसेट' आहे. ते दाबल्याने सगळ्या प्रोग्रॅमच्या पट्ट्या आणि त्यांना नेमून दिलेली साधने मूळ जागी येतात.

फोन आला की भजन बारीक

याला बिघाड म्हणू नका, ही विंडोजची सोय आहे, आणि आमच्या मते डोकेदुखीच जास्त. कॉम्प्युटरवरून कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असे आधीपासून ठरवून दिलेले असते. मुलगा कॅनडाहून व्हिडिओ कॉल करतो आणि मागे चाललेला हरिपाठ एकदम विहिरीत गेल्यासारखा होतो, तो यामुळे. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल असे सलग टाइप करून एंटर मारा. जुन्या पद्धतीची खिडकी उघडेल. तिच्यात 'कम्युनिकेशन्स'मध्ये जाऊन 'डू नथिंग' निवडा.

ड्रायव्हर

आवाज येतो पण चिरका, किंवा एकदम बारीक. आउटपुटच्या यादीत काहीच नाही : असे असेल तर बहुधा अपग्रेडने मदरबोर्डच्या कंपनीचा ड्रायव्हर काढून विंडोजचा साधा ड्रायव्हर बसवला आहे. स्टार्टवर राइट क्लिक, 'डिव्हाइस मॅनेजर', 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स', त्यातल्या नावावर डबल क्लिक, मग 'ड्रायव्हर' आणि 'रोल बॅक'. ते बटण फिके दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग मदरबोर्डच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. "तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत" असे लाल अक्षरांत ओरडणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र कृपा करून टाकू नका. आवाज राहतो बाजूला, आम्हाला ती काढण्यात दुपार घालवावी लागते.

अपग्रेड होऊन १० दिवस झाले नसतील तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर परतता येते. केवळ आवाजासाठी ते करावे, असे आम्ही सुचवणार नाही.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे

टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या जुन्या मशिनवर विंडोज ११ रीतसर चढत नाही, म्हणून काही जणांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम बसवून दिली आहे. मिंट २२ मध्ये आवाजाची यंत्रणा बदलून पाइपवायर आली. २१ वरून येताना एखादी खालची पट्टी बंद राहिली, तर वरची कितीही ओढा, उपयोग नाही. टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) alsamixer असे टाइप करून एंटर मारा, एफ ६ दाबून साउंड कार्ड निवडा. ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसेल ती बंद आहे. बाणाने तिच्यावर जाऊन एम दाबले की उघडते.

फोन करण्यापूर्वी

शक्यतो कॉम्प्युटरसमोर बसूनच फोन करा. आउटपुटच्या यादीतली नावे जशीच्या तशी वाचून दाखवा, मोबाइलवर फोटो काढून पाठवला तर आणखी चांगले. मोबाइलचा हेडफोन पुढच्या भोकात लावल्यावर आवाज येतो का, तेवढे आधी करून बघा. येत असेल तर बहुतेक वेळा फोनवरच काम उरकते आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही. माणूस घरी पाठवावा लागला तर मांडवी ते अलकापुरी सारखाच चार्ज आहे. नवरात्रात संध्याकाळी सातनंतर कोणी येणार नाही, आमची पोरे गरब्याला असतात.