स्क्रीन काळी झाली तरी लॅपटॉप चालूच असतो

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११ ला चालत नाही असा जुना लॅपटॉप घरात असला, की ‘लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकून बघू’ हा विचार सांगलीत विश्रामबागेच्या हॉस्टेलांत जसा येतो तसा मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरही येतो. पेनड्राइव्ह बूटेबल करून लावला, इन्स्टॉल निवडलं आणि स्क्रीन काळी! मग शेजारचा कुणी हमखास सांगतो, ‘मदरबोर्ड गेला.’

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत सगळं सुरू आहे. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरपा धरल्यावर पुसट चित्र दिसलं, तर चित्रही तयार होतंय, फक्त मागचा उजेड बंद आहे.

लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा लोगो दाखवतं ते फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला प्रोग्राम. मेमरीत एक जागा आखून तिथे ते साधं चित्र काढतं, ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) लागत नाही. पुढे लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, ग्राफिक्स ड्रायव्हर ताबा घेतो आणि रिझोल्यूशन, पोर्ट, उजेड सगळं नव्याने ठरवतो. इंटेलच्या चिपसाठी हे काम कर्नलकडे आलं २००९ मध्ये. घोटाळा होतो तो या बदलीच्या क्षणी. साखर कारखान्यात पहिल्या पाळीचा माणूस निघून जावा आणि दुसऱ्या पाळीचा हजरच होऊ नये, तसं.

एनव्हीडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिपवर हे जास्त घडतं, त्याला इतिहास आहे. लिनक्ससोबत येणारा ‘नूवो’ ड्रायव्हर लोकांनी बनवला तो मुख्यतः चिप कशी वागते हे बघत बघत. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. पण २०१४ नंतरच्या चिप स्वतःसाठी कंपनीने डिजिटल सही केलेलं फर्मवेअर मागू लागल्या आणि नूवोला त्या पूर्ण वेगाने चालवता येईनात.

तात्पुरता उपाय एका शब्दाचा आहे. सुरुवातीची यादी दिसते तेव्हा ‘ई’चं बटण दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाइट स्प्लॅश’ असतं, त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा (रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग) आणि एफ१० दाबा. मग कर्नल फर्मवेअरच्याच चित्रावर भागवतो. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता टिकतो, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही तो लागू शकतो.

काही जण मग तो शब्द कायमचाच ठेवून देतात. ते मला पटत नाही. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख आणि सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास ५० कोटी बाइट. एरवी ग्राफिक्स चिपने ओढायचं हे ओझं सगळं प्रोसेसरवर येतं. व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंघावतो, उजेड कमी-जास्त होत नाही. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर तर तो शब्द दिसला की काम सुरूच करत नाहीत.

म्हणून आत शिरल्यावर खरा ड्रायव्हर टाकायचा. उबुंटूत (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) तो ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच घ्यावा. कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला रुसू शकतो. सिक्युअर बूट (सही नसलेले प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच मागतं. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला की ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनही चालत नाही, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

एवढं होऊनही प्रोजेक्टर रुसतो तो वेगळ्याच कारणाने. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली स्क्रीन इंटेलला जोडलेली असते आणि एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हीडियाला. बॅटरी वाचवायला ती चिप पूर्ण बंद केली, की पोर्टही मेला. उबुंटूत ‘प्राइम-सिलेक्ट’ या कमांडने ती पुन्हा चालू करता येते. त्यानंतर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून हा उद्योग सेमिनारच्या हॉलमध्ये उभं राहून करू नये.